लेन्सची परीक्षा : वर्तमानपत्र, बांगड्या आणि मृग नक्षत्र

“जरा उजेडात या!”

फोटो काढणारा माणूस हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत असेल, देव जाणे. लग्नाच्या मांडवात म्हणतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हणतो, बारशाला तर नक्कीच म्हणतो. पण मित्रांनो, सगळ्याच गोष्टी काही उजेडात घडत नाहीत. आजी चुलीपुढे भाकरी थापते ती भल्या पहाटे. वरात निघते रात्री. आणि बीड जिल्ह्यातल्या गेवराईसारख्या तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा ट्रकमध्ये भांडीकुंडी, गाठोडी, सरपण चढवता चढवता दिवस बुडून जातो. तिथे कुणाला सांगणार, उजेडात या म्हणून?

अशा वेळेसाठी एक खास जातीची लेन्स असते. फोटोग्राफर मंडळी तिला ‘फास्ट लेन्स’ म्हणतात. फास्ट म्हणजे ती पळत नाही, बरं का! ती कमी प्रकाशातही झटकन फोटो घेऊ देते, म्हणून फास्ट.

हे कसं जमतं? लेन्सच्या कडेवर दोन आकडे असतात. समजा, ५० मि.मी. आणि एफ १.२ असं लिहिलं आहे. आता ५० ला १.२ ने भागा. उत्तर येतं जवळजवळ ४२. म्हणजे समोरून पाहिल्यावर प्रकाश आत घेणारं भोक ४२ मि.मी. रुंद दिसतं. आता कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी झूम लेन्स घ्या. ती ५० मि.मी.च्या आसपास एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. ५० भागिले ५.६ म्हणजे फक्त ९ मि.मी.! रुंदीत फरक साडेचारपटीहून थोडा जास्त. पण प्रकाश शिरतो क्षेत्रफळातून, म्हणून प्रकाशातला फरक होतो सुमारे २२ पट. साध्या लेन्सला जिथे सेकंदाचा तिसरा हिस्सा झडप उघडी ठेवावी लागते (आणि तेवढ्यात पोर हललंच म्हणून समजा!), तिथे ही लेन्स सेकंदाच्या साठाव्या भागात काम उरकते. आकडा लहान तेवढं भोक मोठं, असा हा उलटा कारभार आहे.

तुम्ही म्हणाल, “आमच्या बाबांच्या मोबाईलवरही एफ १.८ लिहिलंय की!” खरं आहे. पण पावसात एक वाटी ठेवा आणि शेजारी भाकरी थापायची परात ठेवा. दोन्हींत पाणी सारख्याच उंचीचं साचेल. मग ओतून मोजा बघू! मोबाईलच्या लेन्सचं भोक जेमतेम तीन-चार मि.मी. असतं आणि तिच्यामागची प्रकाश टिपणारी चकतीही नखाएवढी. वाटी ती वाटीच.

तोफखान्यातले शिपाई आणि गणित

वेगवान लेन्सची हाव माणसाला अगदी सुरुवातीपासूनची. १८३९ साली फोटोग्राफीची कला जगजाहीर झाली, तेव्हा उन्हातसुद्धा माणसाला कित्येक मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. दुसऱ्याच वर्षी, १८४० मध्ये, व्हिएन्नामधले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी सुमारे एफ ३.६ ची लेन्स आखून दाखवली. आकडेमोड एवढी प्रचंड होती की मदतीला तोफखान्यातले हिशेबात पक्के असलेले शिपाई दिले गेले होते! ही लेन्स बनवली फोक्टलेंडर कंपनीने. त्या लेन्सने माणसाचा चेहरा झकास येई, मधोमध अगदी धारदार. पण कडेला मात्र सगळं गरगर फिरल्यासारखं दिसे. लोकांनी तक्रार केली का? मुळीच नाही. चेहरा मध्येच तर असतो!

इथेच आपला आजचा विषय सुरू होतो. कारण भोक मोठं केलं की प्रकाश वाढतो, पण खोड्याही वाढतात. भिंगाच्या कडेने शिरलेले किरण मधल्या किरणांच्या थोडे अलीकडेच एकत्र येतात. ह्याला गोलीय विपथन म्हणतात. भोक लहान असलं तर कडेचे किरण आतच येत नाहीत, म्हणून एफ ८ वर सगळ्याच लेन्स शहाण्या मुलांसारख्या वागतात. लेन्सचा खरा स्वभाव कळतो तो ती पूर्ण उघडल्यावर. म्हणून एफ १.२ च्या लेन्सची परीक्षा एफ ८ वर घेणं म्हणजे पोहणाऱ्याची परीक्षा अंगणात घेणं!

पहिला पेपर : वर्तमानपत्र

धार, म्हणजे बारीक गोष्ट किती स्पष्ट उमटते ते, तपासायला महागडा तक्ता लागत नाही. जुनं मराठी वर्तमानपत्र पूर्ण उघडून सपाट भिंतीवर चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, बरोबर समोर, साधारण एक मीटरवर. बटण हाताने दाबू नका, टायमर लावा. मग पूर्ण उघड्या भोकापासून एफ ८ पर्यंत एकेक पायरी फोटो घ्या आणि कॉम्प्युटरवर मोठे करून पाहा.

आपली देवनागरी लिपी ह्या कामाला फार छान आहे. ‘भ’ आणि ‘म’ वेगळे ओळखू येतात का? ‘ध’ आणि ‘घ’? अनुस्वाराचा टिंब टिंबच आहे की पुसट डाग झालाय? मध्यभागी सगळं वाचता येतं आणि कोपऱ्यात ‘धन’ की ‘घन’ असा प्रश्न पडतो, तर लेन्सची हद्द कळली. शिरोरेषा तर फुकटची पट्टीच! ती फोटोच्या कडेला वाकलेली दिसली तर लेन्स सरळ रेघेला वाकवते, आणि तिच्या कडेला जांभळट झालर दिसली तर रंग नीट एकत्र येत नाहीत.

चारही कोपरे सारखेच पुसट असतील तर हरकत नाही. पण एकच कोपरा वाईट असेल तर सावध व्हा. आतली एखादी काच तिरकी बसली असू शकते. जुनी लेन्स कधीतरी आपटलेली असते. मात्र लगेच तिच्यावर आळ घेऊ नका, कदाचित तुमचाच कॅमेरा भिंतीला तिरका असेल. कॅमेरा चक्क उलटा, डोकं खाली करून धरा आणि पुन्हा फोटो घ्या. त्या फोटोतही तोच कोपरा पुसट असेल तर दोष लेन्सचा. पुसटपणा समोरच्या कोपऱ्यात गेला तर दोष भिंतीशी धरलेल्या कोनाचा. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लेन्ससुद्धा अगदी जुळ्या निघत नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या लेन्सचे गुण ऐकून आपली विकत घेऊ नये.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मोठी माणसंही इथे गोंधळतात. पुसट असणं वेगळं आणि साय असणं वेगळं. दुधावर साय येते तसा काही लेन्सच्या फोटोवर पूर्ण उघड्या भोकाला एक पातळ उजळ पडदा येतो. नीट पाहिलं तर पडद्याखाली पापणीचा केस न् केस असतो, लुगड्याच्या काठाचा धागाही असतो. फक्त काळं तेवढं काळं राहत नाही. हे गोलीय विपथनाचंच काम. मधले किरण बारीक रेघ काढतात आणि कडेचे किरण तिच्याभोवती उजेड सांडतात. साय काढता येते. कॉम्प्युटरवर थोडा गडदपणा वाढवला की खालचं चित्र वर येतं. पण जिथे केसच उमटला नाही, तिथे कुणीही तो आणू शकत नाही. लेन्स पारखताना मी पहिल्यांदा हेच बघतो. साय चालेल, पुसट नको.

बोटांचा भाग

ह्या लेन्सपैकी बऱ्याच हाताने फोकस करायच्या असतात. मोटर नाही, बॅटरी नाही. नुसती एक कडी फिरवायची. सोपं वाटतं? हिशेब बघा. ३५ मि.मी. फिल्मच्या मापाच्या कॅमेऱ्यावर एफ १.२ ची ५० मि.मी. लेन्स एक मीटरवर धरली, तर स्पष्ट दिसणाऱ्या जागेची जाडी असते जेमतेम पावणेतीन सें.मी.! म्हणजे नाकाच्या शेंड्यावर फोकस केला तर डोळे गेलेच. तुम्ही उभे असताना श्वास घेता, तेवढ्यानेही शरीर पुढे-मागे डुलतं आणि फोकस चुकतो. म्हणून हातात धरून घेतलेल्या एकाच फोटोवरून “लेन्स बेकार आहे” असं म्हणणं हा शुद्ध अन्याय. दर वेळी कडी फिरवून, नव्याने फोकस करून, दहा फोटो घ्या आणि सगळ्यात चांगल्या फोटोवर निकाल द्या. बाकीचे नऊ तुमच्या बोटांचे गुण सांगतात!

आरशाच्या कॅमेऱ्यात आणखी एक फसवणूक असते. नव्या पद्धतीच्या फोकस पडद्यावर एवढी पातळ जाडी मुळात दिसतच नाही. डोळ्याला सगळं स्पष्ट वाटतं आणि फोटो पुसट येतो. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात मात्र पडद्यावरचं चित्र दहापट मोठं करून फोकस करता येतो. जुन्या लेन्सना आज पुन्हा मागणी आली, त्यात ह्या सोयीचा मोठा वाटा आहे.

दुसरा पेपर : बांगड्या आणि तारे

धार झाली. आता स्वभाव. फोकसच्या बाहेर जे काही राहतं, ते कसं विरघळतं, ह्यावर फोटोचं अर्धं सौंदर्य असतं. जपानी लोक ह्याला ‘बोके’ म्हणतात आणि आता सगळ्या जगाने तोच शब्द उचललाय.

दूरवर दिव्यांची रांग असेल तर फोकस जवळ आणा. प्रत्येक दिव्याची एक तबकडी होईल. तबकडीची कड मऊ असेल तर मागचा देखावा लोण्यासारखा दिसतो. कड ठळक, बांगडीसारखी असेल तर मागे खडखडाट दिसतो. गंमत म्हणजे ज्या लेन्सची पाठीमागची तबकडी मऊ, तिचीच पुढची तबकडी बहुधा कडक असते! दोन्हीकडून गोड बोलणारी लेन्स विरळा.

फोटोच्या कडेला गोल तबकड्या लिंबासारख्या चपट्या होतात. का बरं? घरातल्या दोन सारख्या बांगड्या घ्या. एक डोळ्याजवळ, दुसरी तिच्यामागे चार बोटांवर धरा. सरळ पाहिलं तर एकच वर्तुळ. आता जरा तिरकं पाहा. दोन वर्तुळं एकमेकांवर सरकतील आणि मधली मोकळी जागा लिंबाच्या आकाराची दिसेल. लेन्सची पुढची कड आणि मागची कड म्हणजे ह्याच दोन बांगड्या. हेलिओस नावाची ५८ मि.मी., एफ २ ची रशियन लेन्स (झेनिट कॅमेऱ्याबरोबर ती भारतात पुष्कळ आली) लिंबांच्या रांगा अशा गोलाकार मांडते की कडुनिंबाच्या पानांसमोर उभं केलेलं माणूस भोवऱ्यात उभं असल्यासारखं दिसतं. काहींना हे फार आवडतं. मला विचाराल तर एका फोटोत मजा, दहा फोटोंत डोकेदुखी.

सगळ्यात कडक परीक्षक मात्र आकाशात आहे. तारा म्हणजे शुद्ध ठिपका. गेवराई तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते आणि तिच्या काठी राक्षसभुवन आहे. हेच ते गाव जिथे १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. इथलं शनीचं देवस्थान प्रसिद्ध आहे. शनी म्हणजे शनैश्चर, सावकाश चालणारा. सावकाश चालणाऱ्याच्या गावी वेगवान लेन्सची परीक्षा, आहे की नाही मजा! हिवाळ्यातल्या अंधाऱ्या रात्री, मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, लेन्स पूर्ण उघडा आणि मृग नक्षत्र आधी मधोमध, मग मुद्दाम कोपऱ्यात घ्या. मध्ये ठिपका असलेला तारा कोपऱ्यात पंख पसरलेल्या पाखरासारखा झाला, तर त्या दोषाला ‘कोमा’ म्हणतात. धूमकेतूला इंग्रजीत कॉमेट म्हणतात ना, दोन्ही शब्द ‘केस’ ह्या एकाच ग्रीक शब्दातून आलेत. निकॉन कंपनीने १९७७ साली ‘नॉक्ट’ नावाची ५८ मि.मी., एफ १.२ ची लेन्स काढली, ती मुख्यतः हे पाखरू पळवण्यासाठीच! रात्रीचे दिवे कोपऱ्यातही ठिपकेच राहावेत म्हणून तिची पुढची काच खास आकाराची, हाताने घासून तयार केलेली असे. २०१९ मध्ये त्याच नावाने एफ ०.९५ ची लेन्स आली. तिच्यात १७ काचा आणि वजन तब्बल २ किलो! कोपऱ्यापर्यंत धारदार आहे, पण गळ्यात अडकवून गावभर फिरणार कोण?

रंगाची परीक्षा घरातच होते. स्टीलचा पेला उन्हात ठेवा आणि त्याच्या चकाकत्या कडेवर फोकस करा. फोकसच्या पुढे गुलाबी-जांभळी आणि मागे हिरवट झालर दिसेल. बहुतेक जुन्या वेगवान लेन्समध्ये ही असतेच. किती आहे एवढंच पाहायचं. एक ताकीद मात्र लक्षात ठेवा : कॅमेऱ्याच्या भिंगातून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही. डोळा जाईल.

मेणबत्तीचा सिनेमा

वेगवान लेन्सची गोष्ट स्टॅनली कुब्रिकशिवाय पुरी होत नाही. ह्या दिग्दर्शकाचा ‘बॅरी लिंडन’ हा चित्रपट १९७५ साली आला. त्यातले काही प्रसंग त्याला नुसत्या मेणबत्त्यांच्या उजेडात हवे होते. त्याने मिळवली झाइस कंपनीची ५० मि.मी., एफ ०.७ ची लेन्स! भागाकार करा : भोक ७१ मि.मी. अशा फक्त दहा लेन्स बनल्या होत्या, त्याही अमेरिकेच्या ‘नासा’ ह्या अंतराळ संस्थेच्या कामासाठी. फोकसची जाडी इतकी पातळ की नटांना फारसं हलताच येईना. मग बाजूने एक व्हिडिओ कॅमेरा लावला आणि नट पुढे-मागे किती सरकला ते त्याच्या पडद्यावर पाहून फोकस सांभाळला. आज ते प्रसंग पाहिले तर ते वर्तमानपत्राच्या परीक्षेत पहिले येतील असं नाही. पण मेणबत्तीचा उजेड मेणबत्तीसारखाच दिसतो. कुब्रिकने लेन्स निवडली ती ह्या कामासाठी.

जुनी लेन्स हातात घेताना

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत; जुनी लेन्स मिळण्याची ती एक जागा. पण गेवराईतल्या मुलाला जुनी लेन्स बहुधा कुणाच्या तरी कपाटातून किंवा कुरिअरने मिळणार, आणि साठवलेले पैसे एकदा गेले की गेले. म्हणून आधी लेन्सच्या आत टॉर्च मारून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. समुद्रकाठच्या दमट हवेतून आलेल्या लेन्समध्ये ती हटकून सापडते. आपल्याकडे मराठवाड्यात बुरशीपेक्षा धुळीचा त्रास जास्त. धुळीच्या चार कणांनी काही बिघडत नाही. धूसरपणा असेल तर मात्र सोडून द्या. भोक उघडणारी-मिटणारी पाती तेलकट नकोत. फोकसची कडी मधात फिरवल्यासारखी सलग फिरावी. मध्ये अडखळली तर पावणेतीन सें.मी.चा फोकस तुम्हाला कधीच साधणार नाही.

काच पिवळी दिसली तर घाबरू नका. पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० मि.मी., एफ १.४ ह्या जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य आहे आणि त्यामुळे काच वर्षानुवर्षांत पिवळी पडते. काही दिवस ऊन दाखवलं की पिवळेपणा उतरतो. मात्र उन्हातल्या लेन्सवर लक्ष ठेवायचं आणि कापसाच्या गंजीजवळ ती मुळीच ठेवायची नाही. भिंग आहे ते, आग लागेल!

खरी परीक्षा

आता पुन्हा त्या ट्रककडे या. बीड जिल्ह्यात नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम ‘एक कोयता’ म्हणतो. हे कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात ते पार उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुलं बरोबर जातात, काही आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. तुमच्याच वर्गातली असतील. सहा महिने जवळ ठेवायला एक फोटो हवा असतो आणि वेळ असते दहा मिनिटं, तीही दिवेलागणीची. फ्लॅश मारला तर चेहरे पांढरेफटक आणि मागे काळोख. मोबाईलने काढला तर हललेली माणसं सारवल्यासारखी दिसतात.

इथे तुमचा सगळा अभ्यास उपयोगी पडतो. आई, बाबा आणि पुढे लहान बहीण, अशी माणसं दोन ओळींत उभी आहेत. दोन मीटरवरून एफ १.२ वर जाडी मिळते ११ सें.मी.; बहीण स्पष्ट आली तर आई गेली. भोक एफ २.८ करा, जाडी होते २६ सें.मी.; पण प्रकाश साडेपाचपट घटला. त्यापेक्षा एक मोठं पाऊल मागे या. तीन मीटरवरून त्याच एफ १.२ वर २५ सें.मी. मिळते, प्रकाश न गमावता! वर्तमानपत्राच्या वेळी तुम्हाला कळलेलं असेलच की तुमच्या लेन्सचे कोपरे कच्चे आहेत. मग बहिणीला कडेला नका उभं करू, सगळ्यांना मधोमध, एकमेकांना खेटून घ्या. साय येते हे माहीत आहे, तर ट्रकचा दिवा थेट लेन्समध्ये येऊ देऊ नका. फोकस पुढच्या बहिणीच्या डोळ्यांवर नको आणि मागच्या बाबांच्या डोळ्यांवरही नको. तिच्यापासून थोडा मागे धरा. कडी थांबवा, श्वास सोडा, बटण दाबा. पुन्हा फोकस करा, पुन्हा दाबा. पाच-सहा फोटो तरी घ्या, एक नक्की धारदार निघेल. मग सगळ्यांचा झाला की आईचा एकटीचा घ्या, जवळून, एफ १.२ वरच, फोकस अलीकडच्या डोळ्यावर. त्यात कान पुसट होतील, मागचा ट्रक विरघळून जाईल, दिव्यांची लिंबं होतील. होऊ द्या. दोन प्रती काढायच्या : एक ट्रकमध्ये जाईल, एक घरी राहील.